‘पुढच्या साली तुम्ही असाल का, सर?’ : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : महाविद्यालयीन अध्यापकांची रिक्त पदे, रखडलेली स्थाननिश्चिती (म्हणजे सेवा व अर्हता पाहून मिळणारी पदोन्नती) आणि त्यापायी ओसरत चाललेले पदवी प्रवेश.

महोदय,

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित महाविद्यालयात मी 2012 पासून भौतिकशास्त्र शिकवतो. शिकवतो एवढेच म्हणता येते, नोकरी करतो असे म्हणता येत नाही, कारण माझी नेमणूक घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, आहे आणि ती दर वर्षी एप्रिलअखेर संपते. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. मी सेट ही राज्याची अध्यापक पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे आणि 2016 मध्ये मला पीएच.डी. मिळाली. ही माहिती गाऱ्हाणे म्हणून नव्हे, तर पुढचे जे लिहितो आहे ते कोणत्या खुर्चीवरून लिहितो आहे हे आपणाला कळावे म्हणून देत आहे.

या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयाला वरिष्ठ कार्यालयाकडून एक पत्र आले. तृतीय वर्षाला भौतिकशास्त्र घेणारे विद्यार्थी सलग तीन वर्षे दहापेक्षा कमी असल्याने या विषयाचा कार्यभार, म्हणजे शिकवण्याचे तास, दोन पदांना पुरत नाही, सबब दुसरे पद यापुढे गृहीत धरले जाणार नाही आणि पहिल्या पदाचा विचार बिंदुनामावलीची, म्हणजे आरक्षणानुसार पदांच्या क्रमाची, तपासणी झाल्यावर करण्यात येईल, असा त्याचा मथितार्थ होता. दोन्ही पदे आज रिकामी आहेत. पत्र नियमाला धरून होते, त्याबद्दल वाद नाही. प्राचार्यांनी आम्हाला बोलावून प्रवेश वाढवण्याच्या उपाययोजना लेखी मागवल्या. मी एका ओळीत लिहून दिले : आधी दोन्ही पदे भरा. प्राचार्य हसले आणि कागद फायलीला लावला. त्या एका ओळीत जे मावले नाही ते या पत्रात मांडतो आहे, आणि ते उघडपणे मांडतो आहे, कारण हे दुखणे एका महाविद्यालयाचे नाही.

जूनमध्ये आम्ही प्रवेश मोहिमेला निघतो. प्रत्येकाला चार-पाच गावे वाटून दिलेली असतात, हातात बारावी उत्तीर्णांची यादी असते आणि मोटारसायकलला माहितीपत्रकांची पिशवी अडकवलेली असते. गेल्या जूनमध्ये असाच एका शेतकऱ्याच्या ओसरीवर मी बसलो होतो. त्यांच्या मुलीला भौतिकशास्त्रात शंभरपैकी 81 गुण होते. चहा येईपर्यंत त्यांनी माहितीपत्रक उलगडले, शुल्काचे पान ओलांडले आणि अध्यापकांच्या यादीवरून बोट फिरवत ते भौतिकशास्त्रापाशी थांबले. तिथे दोन ओळी होत्या. पहिलीत ‘रिक्त’ असे छापले होते, आणि दुसरीत माझे नाव व त्यापुढे कंसात ‘ता. त.’ अशी दोन अक्षरे.

“ह्ये ता. त. म्हंजी काय, सर?”

मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हंजी पुढच्या साली तुम्ही असाल का न्हाई, ह्ये तुम्हालाबी ठाव न्हाई.”

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिने पुढे लातूरला डी. फार्म.ला प्रवेश घेतला. तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्या विषयात तिला आमच्या बोर्डाने 81 गुण दिले, तो विषय तीन वर्षे कोण शिकवणार याची हमी देणारा एकही माणूस त्या पानावर नव्हता, आणि दहावीपर्यंत शिकलेल्या तिच्या वडिलांना ते पान आपल्या विभागापेक्षा बरे वाचता आले.

महोदय, माझे म्हणणे सारे यातच आहे. विद्यार्थी येत नाहीत म्हणून पदे देता येत नाहीत, असे शासन म्हणते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. मे 2017 मध्ये शासनाने पदभरतीवर बंदी घातली. नोव्हेंबर 2018 मध्ये 3,580 सहायक प्राध्यापकांची पदे भरायला परवानगी दिली, आणि त्यांतली उरलेली 2,088 पदे भरायला नोव्हेंबर 2021 मध्ये नव्याने मान्यता द्यावी लागली. 2025 मध्ये आणखी पाच हजारांहून अधिक पदांची घोषणा झाली, तिचे आम्ही स्वागतच केले. पण घोषणा ते नेमणूक या वाटेवर बिंदुनामावली, मागासवर्ग कक्षाची तपासणी, ना हरकत, जाहिरात, विद्यापीठाचे विषयतज्ज्ञ, मुलाखत, मान्यता असे इतके टप्पे आहेत की तोवर बी.एस्सी.ची एक संपूर्ण तुकडी येऊन निघून जाते. आमच्याकडे अशा दोन तुकड्या गेल्या. आधी पद गोठले, मग विद्यार्थी घटले, आणि मग घटलेली संख्या मोजून पदच काढून घेतले. विहिरीचा उपसा बंद ठेवायचा आणि पाणी कुणी नेत नाही म्हणून विहीर बुजवायची, असा हा कारभार आहे.

रिकाम्या पदाचा परिणाम वर्गात कसा दिसतो ते सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्यात दोन स्पेक्ट्रोमीटर, सोडियमचा दिवा, ग्रेटिंगच्या पट्ट्या आणि एक जुना पण चालू स्थितीतला ऑसिलोस्कोप आहे. विभागप्रमुख 2022 मध्ये निवृत्त झाले तेव्हा जडवस्तू नोंदवहीचा, म्हणजे सगळे ज्याला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात त्याचा, पदभार कायम कर्मचाऱ्याकडेच देता येतो म्हणून तो रसायनशास्त्राच्या एका सरांकडे गेला. किल्लीही त्यांच्याकडेच आहे. ते भले गृहस्थ आहेत, मागितली की देतात. पण त्यांच्या स्वतःच्या प्रात्यक्षिकांच्या तुकड्या असतात, परीक्षेचे काम त्यांच्याकडे असते, आणि वस्तू फुटली तर वसुली त्यांच्या पगारातून होणार असते. त्यामुळे सोडियमच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा आमच्या मुलांनी पुष्कळदा माझ्या फळ्यावरच्या आकृतीतच पाहिलेली असते. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना सरळ सांगितले, “सर, हे यंत्र मी आज पहिल्यांदा हातात घेतोय.” परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी कपाटाकडे पाहिले. हा मुलगा आपल्या गावात जाऊन धाकट्यांना काय सांगणार? प्रवेशाची जाहिरात आम्ही फ्लेक्सवर करतो, पण खरी जाहिरात अशा मुलांच्या तोंडून होत असते.

दुसरी तक्रार स्थाननिश्चितीची आहे आणि ती मी आमच्या त्याच निवृत्त विभागप्रमुखांच्या निमित्ताने मांडतो, कारण माझ्यासारख्याला स्थाननिश्चितीचे नावही घेण्याचे कारण नाही. त्यांना 2009 मध्ये पीएच.डी. मिळाली होती. सहयोगी प्राध्यापकपदासाठी ते 2015 मध्ये पात्र झाले. त्यांची फाइल पहिल्यांदा परत आली ती उजळणी वर्गाच्या प्रमाणपत्राच्या प्रतीवर साक्षांकन नाही म्हणून. दुसऱ्यांदा आली ती सेवापुस्तकातील एका नोंदीवर आद्याक्षरी नाही म्हणून. तिसऱ्यांदा, पहिल्या दोन वेळी कुणालाच न दिसलेली त्रुटी सापडली. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खोलीच्या दारावर ‘सहायक प्राध्यापक’ हीच पाटी होती, आणि त्यानंतर सात महिन्यांनी 2015 पासूनच्या लाभाचा आदेश आला. थकबाकीही मिळाली. शासनाच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

पण ते मिटलेले नाही, आणि इथे विद्यार्थ्यांचा संबंध येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी.विषयक नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करता येते. सरांची पदोन्नती वेळेत झाली असती तर आमच्या संशोधन केंद्रात दोन जागा वाढल्या असत्या, आणि ते प्राध्यापक झाले असते तर चार. त्या काळात आमच्याच दोन माजी विद्यार्थिनी संशोधनासाठी जागा नाही म्हणून परत गेल्या. एकीने नंतर बी.एड. केले. दुसरी आता काय करते मला ठाऊक नाही. थकबाकी मागाहून देता येते, संशोधनाच्या जागा मागील तारखेपासून देता येत नाहीत. ज्या महाविद्यालयातून पुढे एम.एस्सी. आणि पीएच.डी.पर्यंत वाट दिसते, तिथे बारावीनंतर हुशार मूल थांबते. ती वाट बुजली की ते पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठते, आणि ज्याच्या बापाला ते परवडत नाही ते मूल शिकणेच सोडते किंवा नावापुरता प्रवेश घेऊन दिवसभर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसते. नावापुरते प्रवेश घेणारे आमच्या पटावर बरेच आहेत. त्यांना पट म्हणावे की नाही, हे आपण ठरवा.

तिसरी गोष्ट माझ्याविषयीची आहे म्हणून थोडक्यात लिहितो. मला पीएच.डी. असून मी मार्गदर्शक होऊ शकत नाही, कारण मार्गदर्शक कायम अध्यापकच असावा लागतो. नियम योग्यच आहे, चार वर्षांच्या संशोधनाला एका वर्षाचा माणूस कसा पुरा पडणार? मात्र चार वर्षांची पदवी आणणारे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाले आहे, म्हणजे पहिली तुकडी 2027-28 मध्ये चौथ्या वर्षात जाईल, आणि तिच्यातल्या ज्यांना संशोधनासह ऑनर्स करायचे असेल त्यांना मार्गदर्शक लागेल. ज्या विभागात एकही कायम अध्यापक नाही तिथे ते चौथे वर्ष कागदावरच उघडणार आहे. पालक आतापासूनच विचारतात, “चौथं वर्ष तुमच्याकडं हाय का?” आम्ही म्हणतो, “धोरणात आहे.”

मानधनाविषयी लिहायचे नाही असे ठरवले होते, तरी एक तपशील सांगायलाच हवा. पदवीच्या एका तासाला नऊशे रुपये हा दर 2023 पासून आहे, आणि तो आधीच्या दरापेक्षा बरा आहे हे मान्य. परंतु आमची तासिका 48 मिनिटांची आणि मानधनाचे घड्याळ 60 मिनिटांचे. शिवाय देयक महाविद्यालयातून निघून मंजूर होऊन परत येईपर्यंत दिवाळी उलटून गेलेली असते. त्याच वर्गात, त्याच अर्हतेच्या कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन महिन्याला 57,700 रुपयांपासून सुरू होते. आमच्या वर्गातला सर्वांत हुशार मुलगा हे सगळे पाहत असतो. ‘भौतिकशास्त्र घेऊन पुढे काय होणार’ या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या समोर खडू घेऊन उभे असते. गणित सोडवताना तो माझ्या अंगावरचा सदराही पाहतो, याची मला जाणीव आहे.

अर्हतेच्या नियमांची धरसोड हीही एक अडचण आहे. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचे 2018 मध्ये ठरले, त्याची तारीख 2021 ची होती, ती 2023 वर गेली, आणि 2023 मध्ये नेट किंवा सेट हीच किमान अर्हता राहील व पीएच.डी. ऐच्छिक असेल असे जाहीर झाले. ज्यांनी पाच वर्षे घालवून पदवी मिळवली आणि ज्यांनी ती नको म्हणून सेटच्या मागे लागून वर्षे घालवली, ते दोघेही आज आमच्या स्टाफरूममध्ये शेजारी शेजारी बसून डबा खातात. मुलाखतीच्या आधी उमेदवारांना कोणता प्रश्न पडलेला असतो तो मी इथे लिहीत नाही. आपणाला तो ठाऊक आहे.

आता आमच्या बाजूचे दोष. प्रवेश घटण्याचे सगळे खापर रिक्त पदांवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. फार्मसी, नर्सिंग आणि अभियांत्रिकीच्या जागा वाढल्या, विनाअनुदानित महाविद्यालयांना भराभर मान्यता मिळाल्या, आणि साध्या बी.एस्सी.नंतर काम मिळत नाही हा अनुभव घरोघरी आहे. पीएच.डी. मिळाली की शिकवता येते, असेही नाही. पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवेत म्हणून पैसे भरून कुठल्याही नियतकालिकात छापून आणलेले निबंध मी पाहिले आहेत, आणि ज्यांची निबंधांची यादी दोन पानी आहे पण ज्यांचा तास बुडाला तर मुलांना आनंद होतो असे अध्यापकही पाहिले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत पदोन्नतीसाठी नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के तास घेतले की अध्यापन ‘चांगले’ ठरते. तास किती घेतले हे मोजले जाते, त्या तासांनंतर किती मुले पुढच्या वर्षी त्याच विषयाला टिकली हे कुणी मोजत नाही. त्यामुळे पदोन्नती द्या असे म्हणताना ती डोळे मिटून द्या असे माझे म्हणणे नाही. आमच्या संघटनांना हे वाक्य आवडणार नाही, पण ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरे होणार नाही.

मूल्यांकनाचे चक्रही यातच अडकले आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ अध्यापक किती आणि त्यांतले पीएच.डी., नेट, सेट किती हे पाहिले जाते, आणि राष्ट्रीय क्रमवारीतही अध्यापक-विद्यार्थी प्रमाण व अध्यापकांची अर्हता आणि अनुभव यांना गुण असतात. पद शासन भरत नाही, श्रेणी महाविद्यालयाची उतरते. ती उतरलेली श्रेणी माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छापावी लागते, आणि त्याच महामार्गावर एखाद्या खासगी विद्यापीठाचा फलक आपल्या सगळ्या अध्यापकांच्या नावापुढे ‘डॉ.’ लावून उभा असतो.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

ज्या विषयाचे पद तीन वर्षांहून अधिक काळ रिकामे आहे, त्याचा कार्यभार आजच्या विद्यार्थिसंख्येवर मोजू नये. पद रिकामे होण्याच्या आधीच्या वर्षीची संख्या धरावी, पद भरावे, आणि त्यानंतर तीन वर्षांनी आढावा घ्यावा. तेव्हाही विद्यार्थी आले नाहीत तर पद काढून घ्या, आम्ही हरकत घेणार नाही.

भरतीला वेळापत्रक असावे. जाहिरात डिसेंबरपर्यंत आणि नेमणूक 15 जूनपूर्वी, म्हणजे प्रवेश सुरू होण्याआधी झाली पाहिजे. सप्टेंबरमध्ये आलेल्या अध्यापकाचा त्या वर्षीच्या प्रवेशांना काडीचाही उपयोग नसतो.

स्थाननिश्चितीची फाइल दाखल झाल्यापासून 90 दिवसांत निर्णय व्हावा, सर्व त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात, आणि नव्याने त्रुटी काढायची असेल तर आधी ती का दिसली नाही याची नोंद फायलीवर करावी. विद्यापीठांशी बोलून, निवड समितीने शिफारस केलेल्या दिवसापासूनच अध्यापकाला वाढीव संशोधन जागा मिळतील अशी तजवीज करावी. पदोन्नतीच्या गुणांकनात विद्यार्थी टिकण्याचे प्रमाण आणि विद्यार्थ्यांचे मत यांना खरोखरीचे स्थान द्यावे.

पदे भरेपर्यंत तासिका तत्त्वावरील नेमणूक किमान 11 महिन्यांची असावी, मानधन दर महिन्याला बँकेत जमा व्हावे, या काळाचा अनुभव निवडीच्या वेळी मोजला जावा, आणि प्रयोगशाळेच्या साहित्याचा मर्यादित ताबा आम्हाला देता येईल असा साधा आदेश काढावा. या शेवटच्या मागणीला एक रुपयाही लागत नाही.

आणि प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाने दर वर्षी 31 मेपूर्वी विषयवार मंजूर पदे, त्यांवरील अध्यापक, त्यांची अर्हता, पदनाम आणि नेमणुकीचे स्वरूप हे एका पानावर जाहीर करणे बंधनकारक करावे. ‘ता. त.’ अशा दोन अक्षरांत ते लपवू नये. यात आमच्यासारख्या महाविद्यालयांची अब्रू जाईल हे मला कळते. ती तशीही ओसऱ्या-ओसऱ्यांवर जातेच आहे.

या पत्राचे उत्तर जून सुरू होण्यापूर्वी मिळावे अशी विनंती आहे. जाहिरात निघाली आणि निवड झाली, तर येत्या मोहिमेतही मला तीच चार गावे मिळतील. त्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे, त्यालाही गणित आणि भौतिकशास्त्र आवडते असे त्याच्या बहिणीने मला बाजारात भेटल्यावर सांगितले. मी त्या घरी जाणार आहे, आणि वडील पुन्हा माहितीपत्रकाच्या त्याच पानावर बोट ठेवणार आहेत. तेव्हा त्यांना काय सांगायचे, तेवढे आपण कळवावे.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक तासिका तत्त्वावरील अध्यापक